अमेरिकेत घर-नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर

‘एच-४ वर आहे, कॉलेजात नाव घालता येतं का?’ ‘नोकरी न सोडता मास्टर्स होईल का?’ ‘तीनदा कोर्स घेतला, तीनदा अर्धवट सुटला, माझ्यात चिकाटीच नाही का?’ अमेरिकेतल्या मराठी वाचकांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. पहिल्या दोन प्रश्नांना सरळ उत्तरं आहेत, ती पुढे दिली आहेत. तिसरा प्रश्न विचारणारी माणसं मात्र स्वतःवर उगीच अन्याय करत असतात. परक्या देशात येऊन ज्यांनी घर मांडलं, गाडीच्या लायसन्सपासून मुलांच्या शाळाप्रवेशापर्यंत सगळं नव्याने शिकून घेतलं, त्यांच्यात चिकाटी नाही असं कसं म्हणायचं? कोर्स सुटतो त्याची कारणं बहुधा दोन असतात. आठवड्यात तेवढे तास नव्हतेच, आणि फी भरण्याआधी ते कुणी मोजले नव्हते. किंवा थांबायची वेळ आली तेव्हा रीतसर न थांबता नुसतं जाणं बंद केलं, त्यामुळे परतीची वाट बुजली. दोन्ही गोष्टी टाळता येतात.

आधी तास मोजा, मग कोर्स निवडा

इथल्या कॉलेजात ‘क्रेडिट’ म्हणजे नुसते गुण नसतात, तो तासांचा हिशेब असतो. केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गातला आणि किमान दोन तास वर्गाबाहेरच्या अभ्यासाचे, असे साधारण पंधरा आठवडे धरले जातात. म्हणजे तीन क्रेडिटचा एकच विषय घेतला तरी आठवड्याचे नऊ तास गेले. उन्हाळी सत्रातला किंवा ऑनलाइन आठ आठवड्यांचा कोर्स ‘छोटा’ वाटतो, पण काम तेवढंच असतं, फक्त ते निम्म्या काळात कोंबलेलं असतं. तिथे नऊचे सतरा-अठरा तास होतात. नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांचा पहिला कोर्स इथेच सुटतो.

एडिसनमधलं एक घर डोळ्यांसमोर आणा. नवराबायको दोघंही नोकरीला, मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. ती आठवड्यातून तीन दिवस मेट्रोपार्कहून गाडी पकडून न्यूयॉर्कला जाते, जाता-येता पाऊण पाऊण तास. संध्याकाळी सहाला डेकेअर बंद; उशीर झाला तर मिनिटाच्या हिशेबाने दंड. घरी आल्या आल्या कुकर, मुलीचा गृहपाठ, जेवणं, आणि साडेआठपर्यंत मुलं अंथरुणात. रात्री दहाला त्याचा भारतातल्या टीमबरोबर कॉल, तिकडे सकाळचे साडेसात. पावणेनऊ ते दहा हा सव्वा तास तिचा. आठवड्यातले चार दिवस तो मिळाला तर पाच तास. शनिवारी सकाळी तो मुलीला मराठी शाळेत नेतो, धाकटा त्याच्याबरोबर. ती ग्रंथालयात अडीच तास बसते. झाले साडेसात. गाडीतले साडेचार तास कागदावर पुरे दिसतात, पण दमलेल्या अंगाने त्यातले निम्मेच खरे धरावेत. एकूण पावणेदहा. म्हणजे तीन क्रेडिटचा एक विषय जेमतेम बसतो आणि दोन विषय बसतच नाहीत. हे कागदावर मांडून पाहिलं असतं, तर उत्साहाच्या भरात दोन विषयांची फी तिने भरली नसती.

तुमचा आठवडा असाच मांडा. अंदाजाने नको, एक साधा, सणवार नसलेला आठवडा प्रत्यक्ष टिपून काढा.

- दर दोन-तीन तासांनी मागचा वेळ कशात गेला ते फोनवर किंवा वहीत लिहा. रात्री एकदम आठवून लिहू नका, आठवणीतला आठवडा नेहमी रिकामा असतो.
- झोप, नोकरी, प्रवास, स्वयंपाक, मुलांना क्लासला ने-आण हे आधी काढून टाका.
- उरलेल्या वेळातला सलग पाऊण तासाचा किंवा त्याहून मोठा तुकडाच अभ्यासाचा धरा. दहा-पंधरा मिनिटांत ईमेल होतात, स्टॅटिस्टिक्स होत नाही.
- जी बेरीज येईल तिच्यातून पाचवा हिस्सा कमी करा. तो आजारी मुलाचा, बर्फाच्या वादळाचा आणि अचानक आलेल्या पाहुण्यांचा.

आठवड्याला चार-पाच तासच उरले तर ग्रंथालयातला किंवा अ‍ॅडल्ट स्कूलचा क्रेडिट नसलेला कोर्स घ्या. नऊ-दहा तास असतील तर एक विषय. नोकरी करताना दोन विषय झेपतात ते सहसा मुलं मोठी झाल्यावर किंवा घरात मदतीला आणखी कुणी असताना.

सुरुवात फॉलला करू नका

हे मत माझं आहे आणि त्यावर मी ठाम आहे. फॉल सेमिस्टर ऑगस्टअखेर सुरू होतं आणि डिसेंबरच्या मध्यावर संपतं. आपले गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं त्याच काळात येतं. ऑक्टोबरच्या मिडटर्मच्या आठवड्यात मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमी असतात, आणि भारताची तिकिटं काढताना फायनल परीक्षेची तारीख कुणी पाहिलेली नसते. पहिला कोर्स जानेवारीत सुरू होणाऱ्या स्प्रिंग सेमिस्टरमध्ये घ्या. बाहेर थंडी असते, घराबाहेरचे कार्यक्रम कमी असतात, मे महिन्यात परीक्षा संपून उन्हाळा मोकळा होतो. फॉलला घ्यायचाच असेल तर सिलॅबस हातात पडताच परीक्षांच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर टाका, आणि मगच तिकिटं काढा.

कोणत्या व्हिसावर काय चालतं

नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी यूएससीआयएसचं संकेतस्थळ पाहा आणि गुंतागुंत असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. ढोबळ चित्र असं आहे.

- एच-४: शिकायला पूर्ण मोकळीक आहे. पूर्ण वेळ किंवा एकेक विषय, दोन्ही चालतं. एफ-१ वर जाण्याची गरज नाही. पण कॉलेजातली नोकरी, किंवा एफ-१ विद्यार्थ्यांना मिळणारी सीपीटी, ओपीटी ही कामाची मुभा एच-४ वर मिळत नाही.
- एच-४ आणि ईएडी: २६ मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे, जोडीदाराचा आय-१४० मंजूर असेल किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवून मिळाला असेल, तर आय-७६५ अर्ज करून कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, घेता येतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतो. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना जुनी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासूनच अर्जाची तयारी ठेवा.
- एल-२: तुमच्या स्वतःच्या आय-९४ वर ‘एल-२एस’ (एल-२ वरचा जोडीदार) अशी नोंद असेल तर वेगळ्या ईएडीशिवाय काम करता येतं. शिकायलाही हरकत नाही.
- एच-१बी: नोकरी नियमाप्रमाणे चालू असेल तर संध्याकाळी किंवा ऑनलाइन शिकता येतं.
- एफ-१: पदवीपूर्व वर्गासाठी सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात. घरात लहान मूल असताना हा भार किती मोठा आहे ते वरच्या हिशेबावरून काढा: आठवड्याला छत्तीस तास. ओपीटीसाठी हा रस्ता घेणारे पुष्कळ आहेत, पण तो डोळे उघडे ठेवून घ्यावा.
- बी-२ वर आलेले आईवडील: छंद म्हणून दोन-चार दिवसांचा वर्ग चालतो, क्रेडिटच्या कोर्सला नाव घालता येत नाही.

सर्वांत जास्त गफलत होते ती ‘बिनपगारी’ कामात. ईएडी नसलेल्या एच-४ धारकाने ग्रंथालयात, फूड पॅन्ट्रीत, मराठी शाळेत स्वयंसेवक म्हणून काम करणं, जिथे ते काम एरवीही कुणी पैसे देऊन करून घेत नाही, तिथे ठीक असतं. पण एखाद्या कंपनीत ‘अनुभवासाठी’ फुकट काम करणं, किंवा पुण्यातल्या जुन्या कंपनीचं काम इथल्या घरून करून पगार भारतातल्या खात्यात घेणं, यांत पुढे ग्रीन कार्डच्या वेळी अडचण येऊ शकते. असा विचार असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

कुठून सुरुवात करावी

*सार्वजनिक ग्रंथालय.* पत्त्याचा पुरावा दाखवला की कार्ड फुकट मिळतं. बहुतेक गावांच्या कार्डावर ऑनलाइन कोर्सचे संच, ई-पुस्तकं आणि अभ्यासाची बंद खोली मिळते. घरात अभ्यास होत नाही ही तक्रार असणाऱ्यांनी ती खोली दर शनिवारी आधीच नोंदवून ठेवावी. खोली नोंदवलेली असली की ‘आज जाऊ की नको’ हा प्रश्न सकाळी उभाच राहत नाही.

*अ‍ॅडल्ट स्कूल आणि कम्युनिटी कॉलेज.* इंग्रजी बोलायची भीड मोडायची असेल, हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायचं असेल, तर हा सर्वांत स्वस्त रस्ता. कॅलिफोर्नियात रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी एका युनिटला ४६ डॉलर आहे. बाहेरच्यांना ती कितीतरी पट पडते. रहिवासी कुणाला म्हणायचं याचे नियम दर राज्यात वेगळे आहेत, आणि एच-४ धारकाला स्थानिक फी लागू होते की नाही हेही राज्यावर अवलंबून आहे. कॉलेजच्या अ‍ॅडमिशन्स ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. समोरच्या खिडकीवरच्या विद्यार्थी-मदतनिसाने ‘नाही’ म्हटलं म्हणून परत फिरू नका. एच-४ चे नियम त्याला ठाऊक असतीलच असं नाही.

*विद्यापीठातली पदवी.* इथे तीन वर्षांच्या बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी.ची अडचण येते. अनेक विद्यापीठं मास्टर्ससाठी चार वर्षांची पदवी धरून चालतात. काही तीन वर्षांची स्वीकारतात, काही आणखी काही विषय करायला सांगतात. त्यामुळे भारतातल्या पदवीच्या मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी ज्या विद्यापीठात जायचंय त्यांना कोणत्या संस्थेचं मूल्यांकन चालतं ते विचारा. आणि मुंबई, पुणे, नागपूर कुठलंही विद्यापीठ असो, ट्रान्सक्रिप्टचं काम आजच सुरू करा. पुढच्या भारतभेटीत ते उरकू, असं ठरवणाऱ्यांची अख्खी सुट्टी विद्यापीठाच्या आवारात जाते.

*लायसन्स लागणारे व्यवसाय.* डॉक्टर, फार्मसिस्ट, फिजिओथेरपिस्ट, नर्स, शिक्षक, सीपीए यांनी कोर्स निवडण्याआधी आपल्या राज्याच्या बोर्डाच्या अटी वाचाव्यात. या परीक्षांत प्रयत्नांनाही मर्यादा आणि मुदती असतात. यूएसएमएलईच्या प्रत्येक स्टेपला आता चारच प्रयत्न आहेत, तेव्हा ‘एकदा बसून तर पाहू’ हे तिथे महागात पडतं. सीपीएचे चार पेपर असतात. पहिला पास झाल्यावर उरलेले पुरे करायला पूर्वी १८ महिने मिळत, आता बहुतेक राज्यांत ३० मिळतात. मूल लहान असताना वर्षाला दोन पेपर हा वेग या मुदतीत बसतो.

पैशाचं थोडक्यात

नोकरीच्या ठिकाणी ‘ट्यूशन असिस्टन्स’ आहे का, हे एचआरला विचारा. कंपनीने लेखी योजनेखाली दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची शैक्षणिक मदत तुमच्या करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. बहुतेक ठिकाणी कोर्स सुरू होण्याआधी मंजुरी घ्यावी लागते, ठरावीक ग्रेड मिळवावी लागते, आणि लवकर नोकरी सोडली तर पैसे परत करावे लागतात. ही शेवटची अट नीट वाचा. ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’मध्ये फीच्या पहिल्या १०,००० डॉलरवर २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर कर वाचतो, आणि त्यासाठी पदवीच करायला हवी असं नाही, पात्र कॉलेजातला एक विषयही चालतो. पण नवराबायको एकत्र कर भरत असतील तर उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या पुढे गेल्यावर सवलत कमी होत जाते आणि १,८०,००० ला संपते. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आधी करसल्लागाराला विचारा. केंद्र सरकारची शिक्षणमदत ग्रीन कार्डधारक आणि नागरिक मागू शकतात. एच-१बी आणि एच-४ वर ती मिळत नाही.

ठरवलेली वेळ टिकवायची कशी

नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच बरे जातात. खरी ओढाताण चौथ्या-पाचव्या आठवड्यात सुरू होते. तेव्हा उपयोगी पडणाऱ्या गोष्टी या:

- वेळ आणि जागा दोन्ही ठरलेल्या असू द्या. ‘रोज तासभर’ असं न ठरवता ‘मंगळवारी आणि गुरुवारी पावणेनऊला, जेवणाच्या टेबलाशी’ असं ठरवा. पहिला कोर्स शक्यतो ठरलेल्या वेळी वर्ग असणारा घ्या. ‘केव्हाही पाहा’ पद्धतीचे ऑनलाइन वर्ग सोयीचे दिसतात, आणि ते ‘केव्हाही’ मागे पडतात.
- घड्याळ बदलण्याचे दोन रविवार आधीच पाहा. मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला. भारतातलं घड्याळ बदलत नाही. वरच्या घरातला रात्री दहाचा कॉल नोव्हेंबरात नऊला येतो, आणि तिचा पावणेनऊचा सव्वा तास एका रात्रीत नाहीसा होतो, तोही फायनलच्या तोंडावर. त्याआधीच्या आठवड्यात दोघांनी बसून नवी वेळ ठरवायला हवी.
- घरच्यांशी बोलताना तारीख सांगा. ‘मला मदत करा’ म्हटलं की सगळे हो म्हणतात. ‘१५ मेपर्यंत मंगळवार-गुरुवारचं रात्रीचं जेवण आणि भांडी तुझ्याकडे’ असं म्हटलं की काम खरोखर वाटलं जातं. सासूबाई किंवा आई इथे आल्या असतील तर त्यांनाही हे मोकळेपणाने सांगा. मुलगी किंवा सून दार लावून बसते ती कशासाठी, हे कळलं की बहुतेक वेळा त्याच नातवंडांना दारापासून दूर ठेवतात.
- भारतातल्या फोनची वेळ बांधा. आईवडिलांना रोज उडत उडत फोन करण्यापेक्षा शनिवारी-रविवारी ठरलेल्या वेळी निवांत बोललं तर त्यांनाही ते आवडतं. अडीअडचणीला फोन करायची मुभा अर्थातच राहू द्या.
- मंडळाचं काम एका वेळी एकच घ्या. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या गावोगावच्या मंडळांत आणि मराठी शाळांत कामाला माणसं नेहमीच कमी पडतात, आणि ते काम मोलाचं आहे. पण एकाच सेमिस्टरमध्ये वर्गशिक्षिका, नाटकाची निर्मितीव्यवस्था आणि दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन घेतलं, तर अभ्यासासकट चारही गोष्टी अर्ध्या होतील. ‘जूनपासून मोकळी आहे, तेव्हा नक्की’ हे उत्तर कुणालाही समजतं.

एखादा दिवस चुकला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला होता. त्यातल्या निम्म्या लोकांना सवय अंगवळणी पडायला ६६ दिवसांहून जास्त लागले. सर्वांत लवकर १८, सर्वांत उशिरा २५४. तुमच्या कामाची गोष्ट पुढची आहे: एखादी खेप चुकल्याने सवय मोडली नाही. म्हणून मंगळवार बुडाला तर बुधवारी दुप्पट बसू नका. बुधवारची घडी विस्कटते, आणि मग गुरुवारही जातो. सरळ गुरुवारी, ठरलेल्या वेळी बसा.

झोपेतून वेळ काढू नका. आनंदीबाई जोशी १८८३ साली, अठराव्या वर्षी, अमेरिकेत आल्या, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. जिद्दीची गोष्ट म्हणून आपण ती मुलांना सांगतो, आणि ती तशी आहेच. पण इथली कडाक्याची थंडी, न मानवणारा आहार आणि त्या वर्षांत ढासळत गेलेली प्रकृती हाही त्याच गोष्टीचा भाग आहे. आज तुमच्याकडे डॉक्टर आहे, विमा आहे, वर्षाची तपासणी आहे. सहा महिने पाच तास झोपून काढायचे बेत आखू नका; त्यापेक्षा कोर्स एक सेमिस्टर पुढे जाऊ द्या.

नोकरीतले तुमचे हक्क

अभ्यासाच्या वेळेवर पहिला घाला नोकरीकडूनच पडतो, त्यामुळे एवढं माहीत असू द्या.

- तासावारी पगार असेल आणि ओव्हरटाइमच्या कायद्यात तुम्ही बसत असाल, तर आठवड्यात ४० तासांपुढच्या कामाला दीडपट मोबदला मिळायला हवा. वार्षिक पगारावरच्या बहुतेक आयटी नोकऱ्यांना हे लागू नसतं. तिथे व्यवस्थापकाशी बोलून वर्गाच्या संध्याकाळी मोकळ्या करून घेणं आणि ते ईमेलवर नोंदवून ठेवणं एवढंच हाती असतं.
- एच-१बी वर असताना प्रोजेक्ट नाही म्हणून कंपनीने घरी बसवलं तरी पगार द्यावाच लागतो. तो काळ अभ्यासाला चांगला, पण ‘सध्या ट्रेनिंग, पगार नंतर’ हे मान्य करू नका.
- नोकरी गेली तर सहसा ६० दिवसांपर्यंतची सवलत मिळते, आणि तुमच्या एच-४ जोडीदाराचं शिक्षणही त्याच मुदतीला बांधलेलं असतं. कॉलेजच्या फीचा पुढचा हप्ता भरण्याआधी हा विचार करा.
- एफएमएलए कायद्याखाली वर्षाला १२ आठवड्यांची बिनपगारी, नोकरी शाबूत ठेवणारी रजा मिळते. त्यासाठी कंपनीत १२ महिने आणि त्यातल्या शेवटच्या वर्षात १,२५० तास काम झालेलं असावं लागतं आणि ७५ मैलांच्या आत कंपनीचे ५० कर्मचारी असावे लागतात. भारतात आईचं मोठं ऑपरेशन असेल तर ही रजा तिथल्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर मागता येते. सासूसासऱ्यांसाठी मात्र हा कायदा लागू होत नाही. त्यांच्यासाठी रजा त्यांच्या मुलाने किंवा मुलीने घ्यायची.

फसगत कुठे होते

‘सहा आठवड्यांत डेटा सायंटिस्ट, नोकरी हमखास’ असं सांगणाऱ्या क्लासची मान्यता अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या यादीत तपासा, आणि फी परत मिळण्याच्या अटी लेखी मागा. रेझ्युमेवर खोटा अनुभव लिहून देणाऱ्या कन्सल्टन्सीच्या नादाला लागू नका. तिथलं खोटं पुढे इमिग्रेशनच्या कागदात शिरलं की ते निस्तरायला वर्षं जातात. देशी किराणा दुकानात ओळख काढून ‘फावल्या वेळात जादा उत्पन्न’ देऊ करणारी मंडळी बहुधा साखळी विक्रीची असतात. ईएडी नसेल तर त्यात पैसे मिळवणं हे विनापरवाना काम ठरू शकतं, आणि असेल तरी तुमच्या त्या पावणेदहा तासांवर डोळा ठेवूनच ती आलेली असतात.

थांबावं लागलं तर

जुलै १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले. १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला गेले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने तिथला अभ्यास अर्धा टाकून त्यांना भारतात परतावं लागलं. परतताना त्यांनी एक गोष्ट केली: चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे जमवले, १९२० मध्ये लंडनला परत गेले, १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध पुस्तकरूपाने १९२५ मध्ये छापून झाल्यावर १९२७ साली पदरात पडली, न्यूयॉर्कला पहिलं पाऊल ठेवल्यानंतर चौदा वर्षांनी. अठरा अठरा तासांच्या वाचनाबद्दल आपण खूप ऐकतो. त्या परवानगीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि तुमच्यासाठी सर्वांत कामाची गोष्ट तीच आहे.

बाळंतपण, आजारपण, नोकरी जाणं, दुसऱ्या राज्यात बदली: थांबावं लागतंच. तेव्हा वर्गाला जाणं नुसतं बंद करू नका. तसं केलं की ‘एफ’ पडतो, फी बुडते, आणि पुढच्या प्रवेशात ती ग्रेड आडवी येते. त्याऐवजी कॅलेंडर उघडून आपण कोणत्या तारखेच्या अलीकडे आहोत ते पाहा.

- सेमिस्टरचे पहिले एक-दोन आठवडे: ‘ड्रॉप’ केलं तर सहसा फी परत मिळते आणि ट्रान्सक्रिप्टवर काहीच दिसत नाही. झेपत नाही अशी शंका पहिल्या आठवड्यात आली तर ती खरी माना.
- त्यानंतर, साधारण दोन-तृतीयांश सेमिस्टरपर्यंत: ‘विथड्रॉ’ केलं तर ‘डब्ल्यू’ लागतो. फी जाते, सरासरी बिघडत नाही. एखाद्या ‘डब्ल्यू’ने कुणाचं काही अडत नाही.
- बरंचसं काम झालेलं असेल तर: प्राध्यापकांकडे ‘इन्कम्प्लीट’ मागा. उरलेलं काम कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं ते लेखी घ्या.
- गरोदरपण आणि बाळंतपण: सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना टायटल नाइन कायद्याप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेली गैरहजेरी माफ करावी लागते आणि परतल्यावर पूर्वीच्या जागी घ्यावं लागतं. प्राध्यापक ऐकत नसतील तर टायटल नाइन कोऑर्डिनेटरकडे जा.
- पूर्ण सेमिस्टर किंवा वर्ष थांबायचं असेल तर: ‘लीव्ह ऑफ अ‍ॅबसन्स’चा अर्ज करा. एफ-१ वर असाल तर त्याआधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला भेटल्याशिवाय एकही विषय सोडू नका. तिथे व्हिसाच धोक्यात येतो.

अर्जाबरोबर रजिस्ट्रारला ईमेल पाठवा. त्यात तुमचा विद्यार्थी क्रमांक, कोणत्या सेमिस्टरपासून कोणत्या सेमिस्टरपर्यंत थांबणार, आणि हे तीन प्रश्न असू द्या: परतताना पुन्हा प्रवेश अर्ज लागेल का, आतापर्यंतची क्रेडिट किती वर्षं धरली जातील, आणि अभ्यासक्रम बदलला तर जुना लागू राहील की नवा? उत्तर आलं की ते तुमच्या स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. काही कॉलेजं थांबलेल्या विद्यार्थ्याचं कॉलेजचं ईमेल खातं काही महिन्यांनी बंद करतात.